हन्ना, कृपा आणि मधली रेघ

गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका मित्राच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला गेलो होतो. पत्रिकेवर मुलीचं नाव छापलं होतं हन्ना-कृपा, मध्ये एक बारीक रेघ. विधी झाला, गाणी झाली, आणि जेवणाच्या पंगतीत त्या रेघेवरून जुंपली. मित्राच्या कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले, "कृपा किती गोड मराठी नाव आहे. त्याच्यापुढे हे हन्ना कशाला चिकटवलंत? मराठी लेकराचं नाव कसं, कानावर पडल्याबरोबर कळलं पाहिजे." पलीकडच्या पानावर मित्राचे चुलते बसले होते, मंडळीतले जुने पंच. भात कालवता कालवता ते म्हणाले, "मी उलटं विचारतो. हन्ना हे पवित्र शास्त्रातलं नाव. त्याला कृपाचं ठिगळ कशाला? शास्त्रातल्या नावाची लाज वाटायला लागली का आपल्याला?" मी पाहुणा, त्यातून ख्रिस्ती नाही, म्हणून रश्शाकडे लक्ष दिलं. ज्या जिल्ह्याचं स्वतःचंच नाव नुकतं बदललं, तिथं नावावरून भांडण व्हायचंच. पण दोन्ही बाजूंनी जे मुद्दे आले ते इतके कच्चे होते, आणि असेच मुद्दे मी इतक्या ठिकाणी ऐकत आलो आहे, की तेव्हा गिळलेलं उत्तर आता लिहून टाकतो.

माझं म्हणणं असं. बायबलमधल्या नावांना जोड काही बाहेरून लागलेली नाही. त्यातली कितीतरी नावं जन्मतःच जोडनावं आहेत, आणि ती जोडणारे, तोडणारे, बदलणारे, त्यांचा दुसऱ्या भाषेत अर्थ सांगणारे लोक खुद्द बायबलमध्येच पानोपानी भेटतात. म्हणून ज्याला हन्ना परकी वाटते तो आणि ज्याला कृपा भेसळ वाटते तो, दोघंही एकच चूक करतात. नाव म्हणजे सातबाऱ्याचा उतारा आहे आणि त्यावर मालक एकच असू शकतो, असं दोघंही धरून चालतात.

आधी ही नावं घडतात कशी ते पाहू. हिब्रूमधलं जुनं नाव बहुधा एक छोटं वाक्य असतं. त्यात एक तुकडा देवाचा, 'एल' किंवा 'याह', आणि उरलेला तुकडा माणसाचा, म्हणजे माणसाला देवाबद्दल जे म्हणायचं आहे त्याचा. नथनेल म्हणजे देवानं दिला. योनाथान म्हणजेही तेच, फक्त 'एल'च्या जागी 'याह' आणि तो पुढे आलेला. ओबद्या म्हणजे याहचा दास. दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. एलीया म्हणजे माझा देव याह, यात तर क्रियापदसुद्धा नाही. मीखाएल हा चक्क प्रश्न आहे: देवासारखा कोण? इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव, हे मराठी बायबल वाचणाऱ्याला मत्तयच्या पहिल्याच अध्यायात सांगितलेलं असतं. आता ही यादी मराठी कानानं पुन्हा वाचा. देवानं दिला तो देवदत्त. देवाचा दास तो देवदास, रामदास. यातलं काय परकं आहे? शब्द परके आहेत, घडण नाही. आपल्याकडचं सगळ्यात नामवंत ख्रिस्ती घराणं टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. मुलाचं नाव त्याआधीच देवदत्त ठेवलेलं होतं आणि ते तसंच राहिलं. बदलायची गरजच नव्हती, नथनेलचं मराठी भाषांतर घरात आधीपासून रांगत होतं.

हन्नाकडे येऊ. हे नाव ज्या धातूवरून आलं त्याची अक्षरं ह-न-न. (मराठीत हनन म्हणजे ठार मारणं, हा निव्वळ योगायोग आहे, चुलत्यांना सांगू नका.) हिब्रूत त्याचा अर्थ कृपा करणं. शमुवेलाच्या पुस्तकात ही हन्ना भेटते ती मूल नसलेली, सवतीचे टोमणे खाणारी बाई म्हणून. शिलोच्या मंदिरात ती इतक्या आत आत प्रार्थना करते की ओठ हलतात पण आवाज फुटत नाही, आणि दाराशी बसलेला म्हातारा याजक एली तिला म्हणतो, बाई, दारू उतरव. तिच्या नावाला 'याह' जोडा, योहानान होतं: याहनं कृपा केली. त्याचाच योहान झाला, पोर्तुगीजांचा झुआंव झाला, गोव्यातला जुवांव झाला, इंग्रजांचा जॉन झाला. जोड मागून लावा, हनन्या होतं. आणि 'याह'च्या जागी फिनिशियन लोकांचा 'बाल' घाला तर काय होतं? हॅनिबल. ख्रिस्तपूर्व 218 मध्ये हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा कार्थेजचा सेनापती आणि यार्देन नदीत बाप्तिस्मा देणारा योहान यांची नावं एकाच साच्यातली आहेत, देव तेवढा वेगळा. तेव्हा या नावांचा साचा एका धर्माचाही नाही, मग एका देशाचा कुठून असणार?

आता कचेरीतल्या गृहस्थांच्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा. हे सगळं हिब्रू येणाऱ्याला ठीक आहे. नगरच्या बाजारात हन्ना म्हणजे कृपा हे कुणाला कळतं? नाव हाक मारायला असतं, कोश उघडायला नव्हे. मुद्दा खरा आहे. जोएल, नेथन, डॅनिएल अशी नावं ठेवणाऱ्या कित्येक आईबापांना त्या नावात एक पूर्ण वाक्य बसलेलं आहे याचा पत्ता नसतो. कानाला बरं वाटलं, ठेवलं. पण हा नियम लावायचाच तर सगळ्यांना लावा. तुकाराम हे नाव महाराष्ट्रात कुणाला परकं वाटेल? त्यातला राम कळतो. 'तुका' म्हणजे काय ते पंगतीतल्या कुणालाही विचारा. दत्तात्रेयाला दत्तू म्हणणाऱ्या किती जणांच्या मनात 'अत्रीचा मुलगा, दिलेला' हा अर्थ हाकेसरशी उमटतो? अर्थ हरवणं हा नावांचा नेहमीचा भोग आहे आणि बायबलही त्यातून सुटलेलं नाही. हन्ना आपल्या मुलाचं नाव शमुवेल ठेवते आणि कारण सांगते, 'मी त्याला परमेश्वरापाशी मागून घेतलं.' पण 'मागितलेला' हा अर्थ शमुवेल या नावातून नीट निघत नाही. तो निघतो शौल या नावातून. अभ्यासक यावर अजून डोकं खाजवतात. आईनं मात्र नाव ठेवलं, अर्थ आपल्या मनचा सांगितला आणि पुढच्या कामाला लागली.

मोशेचं उदाहरण तर याहून गमतीचं आहे. निर्गमाच्या पुस्तकात सांगितलं आहे की फारोच्या मुलीनं त्याला पाण्यातून बाहेर काढलं म्हणून मोशे, कारण हिब्रूत तसा एक धातू आहे. पण फारोची मुलगी हिब्रूत नाव कशाला ठेवील? मिसरी भाषेत 'मोस' म्हणजे जन्मलेला, आणि तो शब्द मिसरी राजांच्या नावांत सर्रास येतो. थुटमोस म्हणजे थोथ देवाचा जन्मलेला, रामसेस म्हणजे रा देवानं जन्माला घातलेला. बहुतेक अभ्यासकांच्या मते मोशे हा अशाच एका नावाचा उरलेला अर्धा भाग आहे. म्हणजे नियमशास्त्र आणणारा, एकेश्वरवादाचा सगळ्यात मोठा माणूस, आणि त्याचं नाव काय, तर देव गळून पडलेलं परदेशी जोडनाव! चुलत्यांच्या शुद्धतेच्या कसोटीला पहिला बळी मोशेच जाईल.

चुलत्यांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या मागे खरी भीती आहे. अल्पसंख्य माणसाला आपलं नाव हळूहळू पुसट होताना दिसतं. आधी घराबाहेर वापरायला एक सोपं नाव येतं, मग तेच घरात शिरतं, मग दोन पिढ्यांनी आजोबांच्या थडग्यावरचं नाव नातवाला वाचता येत नाही. शिवाय शास्त्रातलं नाव म्हणजे त्या माणसाची आठवण, आणि आठवणीत पाणी घालू नये, हे कुणालाही पटेल. पण शास्त्राचाच आधार घ्यायचा तर शास्त्र काय सांगतं ते तरी पाहू. अशी शुद्धी करणारे लोक त्या काळीही होतेच. शौल राजानं एका मुलाचं नाव ठेवलं योनाथान, याहनं दिलेला, आणि दुसऱ्याचं एशबाल, बालचा माणूस. 'बाल' म्हणजे नुसता धनी, स्वामी. त्या काळी तो शब्द परमेश्वरालाही चालत असावा. पुढे बाल म्हणजे शेजाऱ्यांचं दैवत एवढाच अर्थ उरला आणि कुणा सोवळ्या लेखनिकाला राजपुत्राच्या नावातला बाल खुपायला लागला. त्यानं तिथं 'बोशेथ' घातलं, म्हणजे लाज. म्हणून शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तो ईश-बोशेथ होतो, लाजेचा माणूस. इतिहासाच्या पुस्तकात मात्र एशबाल तसाच राहिला. दोन पुस्तकं शेजारी ठेवली की खाडाखोड उघडी पडते. नाव शुद्ध करायला गेलेल्यानं एका माणसाला जन्माची लाज चिकटवली, यापलीकडे त्यातून काय साधलं?

आणि दानीएलाचे तीन मित्र. हनन्या, मीशाएल, अजऱ्या. पहिल्या नावात आपली हन्नाच बसलेली आहे. बाबेलच्या राजवाड्यात त्यांना नवी नावं दिली गेली: शद्रख, मेशख, अबेदनगो. शेवटल्या नावाचा अर्थ नबो या बाबेली देवाचा दास असा लावतात. हे नामांतर सक्तीचं होतं, कैद्यांचं होतं. तरी भट्टीची गोष्ट काढून वाचा. सोन्याच्या मूर्तीपुढे वाकायला नकार देतात, सातपट तापवलेल्या भट्टीत टाकले जातात आणि केसालाही धक्का न लागता बाहेर येतात, ते कोण? त्या सबंध अध्यायात त्यांना शद्रख, मेशख, अबेदनगो असंच म्हटलं आहे. परक्या देवाचं नाव कपाळावर घेऊन त्यांनी आपला देव राखला. गोष्ट सांगणाऱ्यालाही त्यांची जुनी नावं परत आणावीशी वाटली नाहीत. त्याचं लक्ष गुडघ्यांकडे होतं, ते वाकले की नाहीत एवढ्याकडे.

बायबली जोडनावाचा दुसरा प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो, आणि पंगतीत पहिला आणि दुसरा यांची सरमिसळ चालली होती. जॉन पॉल, मेरी अ‍ॅन, जोझे मारिया, जाँ-पिएर या जोड्या हिब्रू नाहीत, त्या युरोपातल्या. इथे दोन तुकड्यांचं वाक्य होत नाही, दोन माणसं शेजारी उभी राहतात. बाप्तिस्म्याला संताचं नाव द्यावं, म्हणजे मुलाला पाठीराखा आणि कित्ता दोन्ही मिळतात, असं रोमन चर्चच्या 1566 च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सांगितलं होतं. एक पाठीराखा चांगला तर दोन आणखी चांगले, एवढा हिशेब कुठल्याही आईला येतो. यात पुरुषाच्या नावात मारिया कशी, म्हणून आपल्याकडे हसतात. जर्मन कवी रिल्के यांच्या नावात मारिया आहे, संगीतकार वेबर यांच्या नावातही आहे. हसणाऱ्यांनी जरा आपल्या घरातल्या सीतारामकाकांना आठवावं. सीताराम, गौरीशंकर, राधाकृष्ण, लक्ष्मीनारायण: पुरुषाच्या नावात बाई, आणि तीही पहिल्या मानाची. जोझे मारिया म्हणजे योसेफ आणि मरिया, एक दांपत्य. फरक इतकाच की आपण बाईला पुढे बसवलं, त्यांनी मागे.

अशा जोडीमागचं कारण किती साधं असू शकतं याचा दाखला 1978 चा आहे. ऑगस्टच्या 26 तारखेला आल्बिनो लुचानी पोप झाले आणि त्यांनी जॉन पॉल हे नाव घेतलं. त्याआधी कुठल्याच पोपनं दोन नावं जोडलेली नव्हती. कारण त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं: तेविसाव्या जॉननी मला बिशप केलं, सहाव्या पॉलनी कार्डिनल केलं. दोन माणसांचे उपकार, म्हणून दोन नावं. ते 33 दिवसांत गेले. त्यांच्यानंतरच्या पोलिश पोपनी तेच नाव पुढे चालवलं आणि 1986 मध्ये ते गोव्याला, मुंबईला आले तेव्हा ते आपल्याकडेही घरोघरी पोचलं.

जाता जाता गोव्याचं सगळ्यात लाडकं जोडनाव, फ्रान्सिस झेवियर. यातला झेवियर बायबलमध्येही नाही आणि संतांच्या यादीतही आधी नव्हता. ते स्पेनमधल्या नवारातलं एक गाव. बास्क भाषेत 'एचे बेरी', म्हणजे नवं घर. म्हणजे आपला नवघरेच की. आडनाव गावावरून पडावं आणि पुढे ते लोकांच्या मुलांचं पहिलं नाव व्हावं, हे कोकणातल्या माणसाला तरी समजावून सांगायला नको.

गोव्याचं नाव निघालं की खरा अवघड मुद्दा समोर येतो, आणि तो पंगतीत कुणी काढलाच नाही. ही नावं गोव्यात प्रेमानं आली नाहीत. बाप्तिस्म्याबरोबर जुनं नाव गेलं, आडनाव गेलं, जागी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव आलं. 1560 ते 1812 या काळात, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथं इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं, आणि 1736 च्या हुकुमानं लग्नातल्या, जेवणातल्या, पेहरावातल्या बारीकसारीक रीतींवर बंदी घातली होती. त्या राजवटीत ठेवलेलं नाव मोकळ्या मनानं ठेवलेलं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. यावर कुणी म्हणेल, मग ती नावं टाकून द्या, हाच न्याय. इथे मी थांबतो. जबरदस्ती नावाच्या ध्वनीत नसते. ज्याचं नाव त्याला विचारलं नाही, यात असते. चारशे वर्षांत झुआंवचा जुवांव झाला, जोझेचा जुझे झाला, काएतानोचा कायतान झाला. या नावांनी शेतं कसली गेली, तियात्रं म्हणजे कोकणी नाटकं झाली, जुवांवाच्या फेस्ताला म्हणजे 24 जूनला डोक्यावर फुलांचे कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. आता त्या पोरांना कुणी हुकूम काढून सांगितलं की तुमचं खरं नाव दुसरंच आहे, तर तो हुकूम 1736 च्या हुकुमाचा सख्खा भाऊ ठरेल.

असे हुकूम निघालेले आहेत. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्यानं मुलांची नावं पंचांगातली किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध माणसांचीच हवीत असं ठरवलं, आणि नावांवरची सरकारी पकड सुटायला 1993 उजाडावं लागलं. बल्गेरियात 1984-85 च्या हिवाळ्यात तिथल्या तुर्की लोकांची नावं सरकारनं सक्तीनं बल्गेरियन करून टाकली. आणि जोडनावाचा सगळ्यात भेसूर वापर जर्मनीतला. 17 ऑगस्ट 1938 ला नाझी सरकारनं फर्मान काढलं: ज्या ज्यू माणसाचं नाव सरकारी यादीप्रमाणे पुरेसं ज्यू नाही, त्यानं 1 जानेवारी 1939 पासून आपल्या नावापुढे 'इझ्राएल' जोडावं, बाईनं 'सारा'. बायबलमधली दोन थोर नावं. एक याकोबाला रात्रभर झुंजल्यावर मिळालेलं, दुसरं म्हातारपणी हसलेल्या आईचं. तीच नावं ओळखपत्रावर शिक्क्यासारखी मारली गेली, माणसं वेगळी काढणं सोपं जावं म्हणून. ऐकल्याबरोबर माणूस कुठला ते कळलं पाहिजे, असं म्हणणाऱ्या सज्जन गृहस्थांना मी त्या सरकारच्या रांगेत बसवत नाही. पण ही अपेक्षा सरकारच्या हातात गेली की कुठपर्यंत जाते, ते माहीत असू द्यावं.

पुन्हा महाराष्ट्रात येऊ, कारण गृहस्थांच्या भात्यात अजून एक बाण होता. टिळकांनी नारायण वामन हेच नाव ठेवलं, बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि बाबा पदमनजीच राहिले. त्यांना जमलं, मग बाकीच्यांना काय झालं? उदाहरणं बरोबर आहेत; त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. टिळकांना नारायण हे नाव टाकायचं कारणच काय होतं? त्या नावानं त्यांना कुठल्या विहिरीवर अडवलं नव्हतं. पण नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातून, मांगवाड्यातून मिशनमध्ये आलेल्या माणसाचा विचार करा. केरू, कचरू, धोंडू ही नावं खरं तर दृष्ट लागू नये म्हणून सगळ्याच जातींत ठेवत; होशेय संदेष्ट्यानंही, कारण वेगळं असलं तरी, मुलाचं नाव लो-अम्मी ठेवलं होतं, 'माझे लोक नव्हे'. पण पाटलाच्या तोंडून 'ए केऱ्या' अशी हाक आली की त्यात दृष्ट काढणं उरत नसे. अशा माणसाच्या पोराचं नाव दानीएल झालं, तेव्हा गावानं त्याला हाक कशी मारायची याचा ठरलेला सूर मोडला. त्या नावाची जात गावाला ठाऊक नव्हती, आणि तीच त्याची किंमत होती. 14 ऑक्टोबर 1956 नंतर घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा आले ते याच ओढीनं. त्यांना कुणी विचारतं का, की हे पाली ग्रंथांतलं नाव तुमच्या गावकुसात कुठून आलं? विचारू नयेच. मग दानीएललाही विचारू नका.

आणि मराठीला परक्या तुकड्याची जोड लावण्याचं वावडं कधी होतं? मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं परंपरा सांगते. पिराजी, सुलतानजी, हैबतराव ही नावं वऱ्हाडापासून कोकणापर्यंत मिळतात. 1660 मध्ये शाएस्तेखानासमोर चाकणचा किल्ला झुंजवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याच्या नावात तर साक्षात फिरंगी आहे. बाहेरचा शब्द घ्यायचा, त्याला 'जी' किंवा 'राव' लावायचा, झालं मराठी नाव. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, नेमकं हेच केलं. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग 1796 मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. सामाजी म्हणजे सॅम्युएल, आपला शमुवेल, हन्नेचा मुलगा. हसाजी म्हणजे यहेज्केल. सिनेगॉगचं नाव शाअर हारहमीम, दयेचं दार. हिब्रू नावं, मराठी शेपूट, कोकणी आडनाव, आणि त्या सगळ्याखाली उभा राहिलेला देवघराचा दगड. यात भेसळ कुठली आणि अस्सल कुठलं, हे वेगळं काढून दाखवणाऱ्याला मी जेवण देईन. याच समाजातले नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर. या नावातही काहींना बायबली जोडनाव दिसतं, आणि ते फसतात. अब्राहम हे वडिलांचं नाव. स्वतःचं, बापाचं, मग गावाचं: इतकी चोख मराठी मांडणी की जुळणी मराठी आणि खिळे तेवढे हिब्रू.

दोन भाषा एका नावात मांडून दाखवणारी माणसं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच होऊन गेली. काशीच्या पंडितांत वाढलेले चित्पावन नीळकंठशास्त्री गोरे 1848 मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना नेहेम्या हे नाव मिळालं. नेहेम्या म्हणजे याहनं सांत्वन केलं. नीळकंठ म्हणजे ज्यानं जगाचं विष गळ्यात धरलं. नेहेम्या नीळकंठ गोरे हे नाव सावकाश म्हणून पाहा. जुनी श्रद्धा सोडून नवी धरताना त्या माणसाच्या गळ्याशी काय आलं असेल ते चरित्रापेक्षा या नावात जास्त आहे. त्यांच्याशी ज्यांचा पत्रव्यवहार होता त्या पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, मेरी रमा या नावानं. मुलगी मनोरमा मेरी. आईच्या नावात मेरी आधी, मुलीच्या नावात नंतर. एका घरात दोन्ही क्रम. पण जगानं त्यांना कशी हाक मारली? रमाबाई. आणि ज्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणण्यात घालवली, त्या बाईंना हन्ना म्हणजे कृपा हे कुणी सांगायला हवं होतं का? रमा शब्द त्यांना अडचणीचा वाटला असता तर त्यांनी तो टाकला असता. त्या काही टाकायला घाबरणाऱ्या नव्हत्या.

मित्राचं पुढे काय झालं ते सांगतो. जन्माची नोंद करायला तो गेला तेव्हा मी बरोबर होतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्याकडे आईचं नावही लावायचं आहे: बाळाचं, आईचं, वडिलांचं, आडनाव. चार रकाने. खिडकीतल्या बाईंनी अर्जावरून भरभर टंकलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. मधली रेघ कुठेतरी गळाली होती. पहिल्या रकान्यात हन्ना, दुसऱ्यात कृपा, आईचं नाव वडिलांच्या जागी, आणि मित्राचं नाव कुठेच नाही. मुलगी स्वतःचीच आई होऊन बसली होती. मित्रानं सांगितलं, ते दोन्ही मिळून एकच नाव आहे. बाईंनी रेघ टाकून पाहिली, यंत्रानं घेतली नाही. शेवटी त्यांनी दोन्ही शब्द एकाला एक लावून लिहिले, हन्नाकृपा. योहानान, हॅनिबल, देवदत्त, सीताराम यांच्यात तरी कुठे रेघ आहे!

शिक्का मारता मारता बाईंनी विचारलं, "याचा अर्थ काय हो?"

"कृपा," मित्र म्हणाला.

"ते कळलं. पहिल्याचा?"

"पहिल्याचा पण कृपाच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग दोनदा कशाला?"

मित्र हसला. म्हणाला, "दोन आज्या आहेत ना हिला."